टायटॅनियमची निवड : श्रेणीचा अंक नव्हे, कामाचे स्वरूप पाहा

वाराणसी म्हटले की घाट, मंदिरे आणि रेशमी वस्त्रे डोळ्यांसमोर येतात. धातुशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया आपल्या देशात ज्या मोजक्या ठिकाणी घातला गेला, त्यांतही या नगरीचे स्थान अग्रभागी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात १९२३ साली खाणकाम व धातुशास्त्राचा विभाग सुरू झाला. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेचे २०१२ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले. पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाखाली टायटॅनियमचे मिश्रधातू कसे थकतात, हा तेथील संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे. प्रयोगशाळेतील या ज्ञानाचा व्यवहारात पहिला उपयोग होतो तो योग्य श्रेणी निवडताना.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के असून समुद्राच्या पाण्यात ते जवळजवळ गंजत नाही. त्याचे खनिज, इल्मेनाइट, केरळ, तामिळनाडू, ओडिशा आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूतही आढळते. मात्र लोखंडाप्रमाणे कोळसा जाळून हा धातू मिळवता येत नाही. खनिजापासून प्रथम क्लोराइड बनवून मग त्यावर मॅग्नेशियमची क्रिया करावी लागते. केरळमधील चवरा येथे अशा ‘स्पंज’ टायटॅनियमचा देशी कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. इतक्या सायासाने मिळणारा धातू साहजिकच महाग असतो आणि निवडीतील चूकही तितकीच महाग पडते.

श्रेणीचा अंक मोठा म्हणजे धातू अधिक चांगला, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. श्रेणी १ ते ४ हे व्यापारी शुद्धतेचे टायटॅनियम होय. त्यांतील ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१८ टक्क्यापासून ०.४० टक्क्यापर्यंत वाढत जाते. ऑक्सिजन वाढला की बळ वाढते, परंतु वाकवण्याची व घडवण्याची सोय कमी होते. श्रेणी १ चे किमान ताणबळ २४० मेगापास्कल, तर श्रेणी ४ चे ५५० मेगापास्कल असते. टाक्या, नळ्या व उष्णता-विनिमयक यांसाठी बहुधा श्रेणी २ पुरेशी ठरते. श्रेणी ७ चे बळ तिच्याइतकेच असते. तिच्यात ०.१२ ते ०.२५ टक्के पॅलेडियम मिसळलेले असल्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या द्रवांतही ती अधिक टिकते.

श्रेणी ५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. तिचे किमान ताणबळ ८९५ मेगापास्कल असल्याने विमानाच्या भागांसाठी ती सर्वाधिक वापरली जाते. पण थंड अवस्थेत तिचा पत्रा वाकवणे कठीण असते आणि कातकामही सावकाश करावे लागते. साध्या टाकीसाठी ती घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. याउलट हाडातील रोपणासाठी श्रेणी २३ वापरतात. तिची घडण श्रेणी ५ सारखीच असली, तरी ऑक्सिजन ०.१३ टक्क्याहून अधिक नसतो. तिचे बळ किंचित कमी असते, मात्र तडा पसरण्यास ती अधिक विरोध करते. रोपण तुटले तर रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून येथे बळापेक्षा चिवटपणा मोलाचा. जेट इंजिनातील ६०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी तर निराळेच मिश्रधातू लागतात.

यासाठी उद्योजकाने धातू मागवण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. भागाचा संपर्क कोणत्या द्रवाशी येणार आहे? त्यावरील ताण स्थिर आहे की सतत बदलता? तापमान किती असेल? भाग वाकवायचा, कातायचा की जोडायचा आहे? जोडकाम करावयाचे असल्यास तापलेल्या धातूला आर्गॉन वायूचे आवरण देणे अत्यावश्यक आहे. अन्यथा हवेतील ऑक्सिजन शोषून सांधा ठिसूळ होतो आणि उत्तम श्रेणीही निरुपयोगी ठरते. कोरड्या क्लोरीन वायूसाठी मात्र टायटॅनियम वापरूच नये, कारण त्यात ते पेट घेऊ शकते.

मालासोबत रासायनिक घटक व ताणबळ दर्शविणारे चाचणी प्रमाणपत्र मागून घेणेही तितकेच आवश्यक आहे. दिसण्यात सर्व श्रेणी सारख्याच असतात. त्यांतील भेद कागदावर तपासला नाही, तर तो पुढे कामात उघड होतो.