कासचं धुकं आणि ॲडव्हान्सचे पैसे

मित्रांसोबत कास पठारावर फोटो काढायला गेलात आणि समोर नुसतं धुकं! दोस्तमंडळी असली की भजी खाऊन हसत परत येतात. पण पैसे घेऊन फोटो-सहल नेणार असाल तर? फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे पावसाची शक्यता धरूनच चाला. ॲडव्हान्स घेण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून टाका, पाऊस आला तर तारीख बदलणार की पैसे परत? गाडीवाल्याशीही तेच ठरवा, नाहीतर भाडं तुमच्या खिशातून. आणि धुक्याला एवढं घाबरू नका हो! थेंब अडकलेलं फूल कडक उन्हापेक्षा मऊ उजेडातच छान दिसतं. धुक्यात कॅमेरा फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवायला सांगा. लेन्स मात्र गाडीत बसूनच बदला.