मुलाचा चष्मा : दोष जन्माचा की राहणीचा?

फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. गुरुजींना वाटते, ते नक्कल करते. घरच्यांना वाटते, अभ्यासात लक्ष नाही. पुष्कळदा खरे कारण असते लघुदृष्टी. डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांबला की जवळचे स्पष्ट दिसते, दूरचे अंधुक.

चिनी वंशाच्या मुलांत हा दोष फार आढळतो. तो त्यांच्या रक्तातच आहे, असा समज होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला धक्का दिला. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील ६-७ वर्षांची मुले तपासली. दोन्हीकडची चिनी वंशाचीच. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत केवळ ३.३ टक्के! आईबापांपैकी एकाला तरी हा दोष असलेली मुले दोन्हीकडे १०० पैकी सुमारे ७० होती. सिडनीची मुले पुस्तकेही जास्त वाचत. मग फरक कशात? सिडनीची मुले आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर उघड्यावर असत, सिंगापूरची जेमतेम ३ तास.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण जन्माने सारे ठरत नाही, हे या आकड्यांनी दाखवले. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली; इतर शाळांत ३९.५ टक्के. दिवसाच्या भरपूर उजेडाने डोळ्याची जादा वाढ रोखली जाते, असे तज्ज्ञ मानतात.

मात्र एकदा नंबर आला की खेळून तो जात नाही, चष्माच हवा. चीनच्या खेड्यांत गरजू मुलांना मोफत चष्मे दिले, तेव्हा त्यांचे गणिताचे गुण वाढले. चष्म्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. 'चष्मेवाल्या मुलीला स्थळ कोण आणणार?' म्हणून तिचा चष्मा पेटीत ठेवणे म्हणजे तिचे शिक्षणच पेटीत ठेवणे.

पालकहो, मूल डोळे बारीक करून पाहत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर रागावू नका. सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांसाठी मोफत चष्म्यांची तरतूद आहे. आणि खोली लहान असली तरी मुलामुलींना रोज उजेडात खेळू द्या. अभ्यासाइतकीच त्याचीही गरज आहे.