एक्स-रेत न दिसणारं दुखणं

सिग्नलला उभ्या गाडीला मागून धक्का बसतो. बंपरला जेमतेम पोचा, कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो आणि दुखणारा माणूस सोंगाडा ठरतो. मानेच्या संगणकीय मॉडेलांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो या माणसामुळे.

अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक हॅरल्ड क्रो यांनी १९२८ साली या दुखापतीला चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा दिली. उपमा इतकी ठसली की पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहिलं: डोकं मागे किती फेकलं जातं. त्याला अडवलं की काम झालं, असा समज होता. अमेरिकेत १९६९पासून नव्या मोटारींना पुढच्या सीटवर हेडरेस्ट सक्तीचे झाले. दुखापती कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

१९७१मध्ये मॅकेन्झी आणि विल्यम्स यांनी मानेचं गणिती मॉडेल मांडलं. मणके म्हणजे न वाकणारे ठोकळे, मधल्या चकत्या लवचिक, आणि सगळी हालचाल फक्त बाजूने पाहिलेली. आज ते साधं वाटेल, पण एकेक मणका वेगळा मोजायचा, ही दिशा त्यात होती. त्याच दिशेने पुढे १९९६मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला द यागर यांनी आपल्या प्रबंधात चकत्या, अस्थिबंध, छोटे सांधे आणि स्नायू असलेली मान संगणकावर उभी केली.

खरा धक्का पुढच्याच वर्षी बसला. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी यांच्या गटाने मृतदेहांच्या मानेच्या कण्यांवर प्रयोग केले. सीट छातीला पुढे रेटते, डोकं जडत्वामुळे जागीच राहतं आणि क्षणभर मान इंग्रजी ‘एस’सारखी होते: खालचे मणके मागे वाकलेले, वरचे पुढे. हे घडतं सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागाच्या आसपास, डोकं पूर्ण मागे जाण्याआधीच. स्नायूंना आवळायला सवडच मिळत नाही. जपानमध्ये कानेओका आणि ओनो यांनी १९९९मध्ये ताशी ४ किलोमीटर इतक्या हलक्या धक्क्यात दहा स्वयंसेवकांच्या मानेचं क्ष-किरण चित्रण केलं, तेव्हा पाचवा मणका सहाव्यावर नेहमीपेक्षा वेगळ्या बिंदूभोवती फिरताना आणि मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जाताना दिसले. स्थिर एक्स-रेत हे कसं दिसणार? आता मॉडेलकडे मागणी बदलली. डोक्याचा एकूण झोका जुळून भागेना, प्रत्येक सांध्याची हालचाल जुळायला हवी होती. फायदा सीटलाही झाला: साब आणि व्होल्वोने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोकं आणि धड यांना एकत्र पेलणाऱ्या सीट आणल्या.

पण कानेओकांचे दहाही स्वयंसेवक पुरुष होते. टोयोटाचं ‘थम्स’, म्हणजे संपूर्ण मानवी देहाचं मॉडेल, २०००मध्ये आलं तेही आधी सरासरी पुरुषाचंच. खरं तर या दुखापतीचा धोका स्त्रियांना जास्त, काही अभ्यासांत तर दुपटीच्या जवळ, हे तेव्हाही माहीत होतं. स्त्रीची मान म्हणजे पुरुषाची मान थोडी बारीक केलेली, असं धरून चालणं मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी चूक वाटते. मणक्यांचा आकार आणि स्नायूंची ताकद वेगळी असते. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात सरासरी बांध्याच्या स्त्रीचं ‘विवा’ हे मॉडेल तयार व्हायला २०१०नंतरचं दशक उजाडावं लागलं. ते कुणालाही उतरवून घेता येईल असं खुलं ठेवलं आहे.