महाविद्यालयीन अध्यापकाचा व्यावसायिक विकास : प्रमाणपत्र आणि वर्गाध्यापन

प्रस्तावना :
शालेय शिक्षकास नियुक्तीपूर्वी डी.एल.एड. अथवा बी.एड. पूर्ण करावे लागते. महाविद्यालयीन अध्यापकाची नियुक्ती मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. यांच्या आधारे होत आली आहे. अध्यापनाचे औपचारिक प्रशिक्षण त्यात अनिवार्य नसल्याने हे कौशल्य सेवेत आल्यानंतरच विकसित करावे लागते.

सेवांतर्गत प्रशिक्षण :
ही उणीव दूर करण्यासाठी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना सुरू केली. त्यांतील उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग पुढे पदोन्नतीशी जोडले गेले. २०१५ मध्ये या संस्थांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले, तर २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पदोन्नतीच्या अटीमुळे वर्गांना उपस्थिती लाभली. परंतु प्रमाणपत्र हेच साध्य मानण्याची प्रवृत्तीही बळावली. वर्गातील अध्यापन बदलले काय, हा प्रश्न प्रमाणपत्राने सुटत नाही.

विषयज्ञान आणि अध्यापनज्ञान :
ली शुलमन यांनी १९८६ मध्ये स्पष्ट केले की, विषय जाणणे आणि तो विद्यार्थ्यास आकलनीय करणे या भिन्न बाबी आहेत. उदाहरणार्थ, मागणीचा नियम अचूक सांगणारा विद्यार्थीही किमतीमुळे होणारा मागणीचा विस्तार आणि उत्पन्नामुळे होणारी मागणीतील वृद्धी यांत गल्लत करतो. एकात त्याच वक्रावर सरकावे लागते, दुसऱ्यात वक्रच उजवीकडे सरकतो. ही गल्लत कोठे होते हे ओळखून आकृतीची मांडणी करणे म्हणजे अध्यापनज्ञान होय.

विकासाचे मार्ग :
१) तासिकेच्या शेवटी एक प्रश्न देऊन लेखी उत्तरे तपासणे.
२) सहकाऱ्यांनी परस्परांच्या तासिकांचे निरीक्षण करणे. मात्र ते गोपनीय अहवालापासून अलिप्त असावे. अन्यथा अध्यापक आपल्या अडचणी झाकतो.
३) उत्तरपत्रिकांतील समान चुकांची नोंद ठेवून पुढील वर्षाच्या नियोजनात तिचा उपयोग करणे.

समारोप :
अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये अध्यापनालाही विद्वत्तेचा दर्जा दिला. तो दर्जा सार्थ ठरण्यासाठी उजळणी वर्गात मिळालेल्या विचारांची कसोटी स्वतःच्या वर्गात लागली पाहिजे. प्रशिक्षण ठरावीक दिवसांत संपते. व्यावसायिक विकास मात्र विद्यार्थ्यांच्या चुकांतून शिकण्याच्या तयारीवर अवलंबून असतो.