एका पिंजऱ्यात दोन नर गिनीपिग : भांडण कसे आवरावे?



दोन वळू एका गोठ्यात मोकळे सोडू नयेत, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण मुलांच्या हौसेखातर तालुक्याच्या गावाहून आणलेल्या दोन नर गिनीपिगांनाही हीच गोष्ट लागू पडते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. लहानपणी अंगाला अंग लावून झोपणारी पिल्ले 3 महिन्यांच्या आसपास वयात येतात आणि एकमेकांच्या अंगावर धावू लागतात. 'भांडतील आणि आपोआप गप्प बसतील' म्हणून घरची मंडळी दुर्लक्ष करतात. मग एखाद्या सकाळी एक जनावर रक्तबंबाळ सापडते आणि मुलाच्या डोळ्यांना धार लागते. थोडी दक्षता घेतली तर हे टाळता येते.

भांडणाचे मूळ

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या भागातला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांतील शेतकरी तो हजारो वर्षांपासून मांसासाठी पाळत आले आहेत. तेथे पैदाशीच्या एका खणात साधारणपणे 7 ते 10 माद्यांमागे एकच नर ठेवतात. कळपात वरचढ कोण, हे नर आपसात ठरवतात. मोकळ्या जागेत हरलेला नर दूर निघून जातो आणि तंटा तिथेच मिटतो. पिंजऱ्यात त्याला पळायला वाट नसते, म्हणून तो मार खात राहतो. तेव्हा हरलेल्याला बाजूला सरकायला जागा देणे, हाच यावरचा पहिला उपाय होय.

पिंजरा कसा असावा?

दोन नरांसाठी निदान 5 फूट लांब व 2 फूट रुंद जागा हवी. अधिक असल्यास उत्तम. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. तळाला जाळी नको, पाय दुखावतात. सपाट फळी घालून वर कोरडे गवत पसरावे. गवताची जागा दोन ठिकाणी, पाण्याची भांडी दोन आणि लपायची खोकीही दोन ठेवावीत. प्रत्येक खोक्याला दोन दारे असावीत, म्हणजे एकाने दार अडवले तरी दुसरा कोंडला जात नाही. जवळपास मादी मुळीच ठेवू नये. तिच्या वासानेही शांत नर बिथरतात. दोघांचे जमत नाही म्हणून तिसरा नर आणणे तर आगीत तेल ओतण्यासारखे आहे. उन्हाळ्यात पिंजरा सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे. उकाडा या जनावराला सोसत नाही.

दटावणी कोणती, मारामारी कोणती?

घुमल्यासारखा आवाज काढत मागचा भाग डोलवणे, हुंगणे, ढुशी देणे, पाठीवर चढणे ही नुसती दटावणी आहे. यात मध्ये पडू नये. दात सारखे कटकटवणे, मानेवरचे केस उभे करणे, तोंड वासून दात दाखवणे, पाठलाग न सोडणे ही धोक्याची खूण समजावी. दोघांचा एकच गोळा होऊन चावे घेतले जाऊ लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यांना सोडवावे. मात्र उघडा हात घालू नये, चावा खोल लागतो. अंगावर जाड टॉवेल टाकावा किंवा दोघांच्या मध्ये सूप सरकवावे.

काही वेळा रक्त निघत नाही, पण दुबळा नर उपाशी राहतो. यासाठी दर आठवड्याला दोघांचे वजन करून वहीत लिहावे. एकाचे वजन उतरू लागले तर त्याला वेगळा करावा. गिनीपिगाने दिवसभर चारा सोडला, तर ते दुखणे गंभीर समजून डॉक्टर गाठावा.

जखम झाल्यास

केस बाजूला सारून ओठ, पाठ आणि मागचा भाग नीट पाहावा. लहान चावा वरून बुजतो आणि आत पू धरतो. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, माश्या बसू देऊ नयेत आणि पशुवैद्यकाला दाखवावे. गाई-शेळ्यांसाठी आणलेले उरलेले औषध मात्र कदापि देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीच्या औषधांनी गिनीपिगाच्या पोटातील उपयुक्त जंतू नष्ट होतात आणि जखमेने न मरणारे जनावर औषधाने दगावते.

माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व चाऱ्यातूनच मिळवावे लागते. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिश या संशोधकांनी 1907 साली गिनीपिगांवरील प्रयोगांतून आहार आणि स्कर्व्ही रोगाचा संबंध दाखवून दिला. हे जीवनसत्त्व कमी पडले की जखम लवकर भरत नाही. म्हणून ताजे हिरवे गवत, कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड रोज द्यावी.

वेगळे करावे, एकटे पाडू नये

रक्त निघेपर्यंत भांडलेले नर पुन्हा एकत्र सोडू नयेत. पिंजऱ्याच्या मध्ये पक्की जाळी लावून दोन खण करावेत. एकमेकांचा वास व आवाज मिळाला की दोघेही शांत राहतात. अगदी एकटा पडलेला गिनीपिग खंगतो. रक्त निघाले नसेल, तर काही दिवसांनी दोघांनाही अनोळखी अशा जागी, भरपूर हिरवा चारा पसरून, आपल्या नजरेखाली सोडून पाहावे. दरम्यान पिंजरा धुऊन वाळवावा, म्हणजे जुना वास राहत नाही.

खच्चीकरणाने दोन नरांचे भांडण थांबेलच असे नाही. खच्ची केलेला नर मादीसोबत मात्र चांगला राहतो. फक्त शस्त्रक्रियेनंतर निदान 6 आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवावे.

जोडी आणण्याआधीच विचार केलेला बरा. दोन माद्या सहसा गुण्यागोविंदाने नांदतात. नरच हवे असतील, तर एका वेतातील भाऊ किंवा एक मोठा व एक लहान असे निवडावेत. आणि दोन खणांचा पिंजरा आधी तयार असू द्यावा, जनावर त्यानंतर घरी आणावे.