वायकिंग काळातील तलवारींच्या शोभिवंत प्रतिकृती : स्वरूप, मर्यादा आणि शैक्षणिक उपयोग

प्रस्तावना :
इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न येथील मठावर झालेल्या हल्ल्यापासून इ.स. १०६६ मधील स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंतचा काळ सर्वसाधारणपणे वायकिंग काळ म्हणून ओळखला जातो. या काळातील तलवारींच्या प्रतिकृती आज जगभर संग्राहकांच्या भिंतींवर, नाटकांत, चित्रपटांत व वेशभूषेच्या समारंभांत दिसतात. प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नसते. मूळ वस्तू कशी होती याविषयीचे ते एक विधानही असते. हे विधान कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ तलवारीचे स्वरूप :
वायकिंग काळातील तलवार साधारणतः सरळ, दुधारी व एका हाताने चालविण्याची असे. तिची एकूण लांबी सुमारे ९० सें.मी. आणि वजन बहुधा १ ते १.५ किलोग्रॅम असे. पात्याच्या मध्यभागी उथळ पन्हळ असे. ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हा समज निराधार आहे. पात्याची ताकद फारशी न घटवता वजन कमी करणे हा तिचा हेतू होय. पाते मुठीकडून टोकाकडे पातळ होत जाई व मुठीच्या टोकाचा जड गड्डा तोल सांभाळी.

नॉर्वेजियन संशोधक यान पेटरसन यांनी १९१९ साली मुठींच्या आकारावरून या तलवारींचे २६ मुख्य प्रकार मांडले. हे वर्गीकरण आजही आधारभूत मानले जाते. तलवार हे शस्त्र होते, तसेच ते प्रतिष्ठेचे चिन्हही होते. नॉर्वेतील लांगेइड येथे २०११ साली एका थडग्यात सापडलेल्या सुमारे ९४ सें.मी. लांबीच्या तलवारीचे पाते गंजलेले होते. परंतु तिच्या मुठीवरील चांदीची तार व सोन्याचे नक्षीकाम टिकून होते.

नावाची नक्कल :
अनुकरणाचा प्रश्न आधुनिक बाजारपेठेतच निर्माण झाला असे नव्हे. ९ व्या ते ११ व्या शतकांतील सुमारे १७० पात्यांवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव रोमन लिपीत आढळते. नाव फ्रँकिश आहे आणि अशी अनेक पाती वायकिंगांच्या प्रदेशांत सापडली आहेत. फ्रँकिश राजा चार्ल्स द बाल्ड याने ८६४ साली वायकिंगांना शस्त्रे विकण्यास मनाई केली होती, ही बाब या पात्यांना असलेली मागणी सुचविते.

धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पाती उच्च कार्बनयुक्त, उत्तम पोलादाची आढळली. उलट, नावातील क्रूसचिन्हाची जागा चुकलेली काही पाती हलक्या प्रतीची निघाली. अर्थात, नामांकित पात्याची नक्कल त्या काळीही होत असावी. उत्तम पात्यांचे पोलाद मुशीत वितळवून केलेले होते का आणि ते पूर्वेकडून आले होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

मराठी वाचकास येथे फिरंग तलवारीचे स्मरण व्हावे. मराठेशाहीत युरोपीय पात्यांना मोठी मागणी होती आणि नामांकित युरोपीय कारागिरांच्या खुणा इतरांनी बनविलेल्या पात्यांवरही उठविल्या जात.

प्रतिकृतींचे प्रकार :
आजच्या प्रतिकृतींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला, केवळ भिंतीवर लावण्यासाठीचा. यात बहुधा स्टेनलेस स्टील वापरले जाते. ते सहज गंजत नाही, परंतु लांब पात्यात आघाताने तुटण्याचा धोका असतो. अनेकदा पात्याला आटे असलेली बारीक सळई जोडून त्यावर मूठ बसविलेली असते. अशी तलवार जोराने फिरविल्यास जोड तुटून पाते निसटू शकते. दुसरा प्रकार युद्धप्रसंगांच्या पुनर्निर्मितीसाठीचा असतो. त्यात लवचीक कार्बन पोलाद, बोथट व जाड कडा आणि गोलाकार टोक असते. तिसरा प्रकार मूळ नमुन्याची मापे, वजन व तोल यांचे शक्य तितके अनुसरण करणारा होय. या व्यवसायात भारताचाही सहभाग असून देहरादून येथे अशा प्रतिकृती तयार होतात व परदेशी पाठविल्या जातात.

शोभेच्या प्रतिकृतींवर रुनी अक्षरांची रेलचेल, अवजड पाती व मुठीवर प्राण्यांची मोठी मस्तके दिसतात. असे अलंकरण बरेचदा आधुनिक कल्पनेतून येते. वायकिंगांचे शिंगांचे शिरस्त्राणही असेच रूढ झाले. १८७६ साली बायरॉइट येथे सादर झालेल्या वाग्नर यांच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोएप्लर यांनी केलेल्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

शैक्षणिक उपयोग व दक्षता :
काचेआडची गंजलेली तलवार पाहून तिचा तोल कळत नाही. तो योग्य प्रतिकृती हाती घेतल्यावरच कळतो. मात्र तीन किलोची शोभेची तलवार विद्यार्थ्याच्या हाती देऊन “वायकिंग असे शस्त्र वापरत” असे सांगितले, तर आपण इतिहास नव्हे, गैरसमज शिकवितो. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत मूळ नमुना, काळ, धातू, वजन आणि जाणीवपूर्वक केलेले बदल यांची नोंद ठेवावी. शोभेची तलवार नाट्यप्रयोगातील झुंजीसाठी कदापि देऊ नये. भारतीय शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश असल्याने खरेदीपूर्वी स्थानिक पोलीस प्रशासनाकडे विचारणा करणे हितावह ठरेल.

समारोप :
प्रतिकृती मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही, तरी ती मूळ वस्तूविषयी योग्य प्रश्न निर्माण करू शकते. त्यासाठी ती कशाची, किती आणि कोणत्या हेतूने केलेली नक्कल आहे, हे पाहणाऱ्यास प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. ही जबाबदारी कारागिराइतकीच ती वर्गात आणणाऱ्या अध्यापकाचीही आहे.