आजीच्या ओव्या आणि जोडडिस्क

दिलसुखनगरच्या ज्या घरात मी वरच्या मजल्यावर राहतो ते माझ्या मामांचे. खाली साईबाबांच्या मंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ, सभोवार शिकवणीवर्गांच्या पाट्यांचे अरण्य, आणि त्यांतल्याच एका वर्गात मी गणित शिकवतो. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडून बरीच वर्षे झाली. तरी ह्या अंकासाठी काही लिहा असे पत्र आले तेव्हा गणितावर लिहावे की गतवर्षीच्या प्रवासावर, असा विचार करीत बसलो होतो. शेवटी ठरविले की आमच्या घरात जे प्रत्यक्ष घडले तेच सांगावे. विषय थोडा यांत्रिक आहे. परंतु संगणक आता प्रत्येकाच्याच घरी असल्यामुळे तो कोणाला अगदीच परका वाटू नये.

माझी आजी भालकीची. भालकी म्हणजे बीदर जिल्हा. 1956 पर्यंत निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात, पुढे म्हैसूर राज्यात, आणि 1973 पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक. आजी जात्यावरच्या ओव्या मराठीत म्हणे आणि मध्येच सुनेला हाक मारायची ती कानडीत. 1986 च्या उन्हाळ्यात मामांनी टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवून तेरा कॅसेटी भरल्या. आजी 2009 साली गेली. 2014 साली मामांनी त्या साऱ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि पुढे घराला रंग देताना कॅसेटींचा खोका भंगारवाल्याला देऊन टाकला. "आता काँप्युटरात आहे ना सगळं!" हे त्यांचे त्या वेळचे उद्गार.

2022 च्या मे महिन्यात तो संगणक सुरू केला तेव्हा आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते टोक पृष्ठभागावर घासले की चुंबकीय थर खरवडला जातो. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क उघडून पाहिली आणि मान हलविली. तेरापैकी दोनच कॅसेटी वाचल्या, त्याही पुण्याच्या मामेबहिणीने कधीतरी पेनड्राइव्हवर नेल्या होत्या म्हणून. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अरे, तू गणिताचा मास्तर. एक डिस्क मेली तरी काही जाणार नाही, असं काही करता येतं का?"

करता येते. त्याला 'रेड' म्हणतात.

ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली ती 1988 साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ह्या तिघांच्या एका निबंधात. डिस्कची जोडी ठेवण्याची पद्धत मोठ्या संगणकांत त्यापूर्वीही होती; पण ह्या निबंधाने सगळ्या पद्धतींना एका सूत्रात बांधले व त्यांना क्रमांक दिले. त्या काळी आयबीएमची 3380 ही प्रचंड डिस्क सुमारे 7,500 मेगाबाइट माहिती साठवी, आणि डेस्कवरच्या संगणकासाठी कॉनर कंपनीची साडेतीन इंची छोटी डिस्क 100 मेगाबाइटची असे. मग एका महागड्या डिस्कऐवजी पाऊणशे स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या तर? वेग मिळेल, पैसे वाचतील. पण त्यांनीच पुढची अडचणही मांडली. एका छोट्या डिस्कचे सरासरी आयुष्य 30,000 तास धरले, तर शंभर डिस्कच्या जुडग्यात पहिली डिस्क सरासरीने 300 तासांत, म्हणजे पुरत्या दोन आठवड्यांच्याही आत, बिघडणार! म्हणून अशा जुडग्यात थोडी जादा माहिती मुद्दाम साठवली पाहिजे. जिच्या आधाराने मेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा उभा करता येईल. रेड ह्या आद्याक्षरी नावात मूळचा एक शब्द 'स्वस्त' असा होता. पुढे व्यापाऱ्यांनी त्याचा 'स्वतंत्र' केला. महाग यंत्रे विकणाऱ्याला 'स्वस्त' हा शब्द कसा रुचावा?

ही जादा माहिती दोन तऱ्हांनी ठेवतात. पहिली तऱ्हा अगदी साधी: जे एका डिस्कवर लिहायचे ते जसेच्या तसे दुसरीवरही लिहायचे. हा आरसा, ह्याला रेड 1 म्हणतात. दोन डिस्क घेऊन जागा एकीचीच मिळते. दुसरी तऱ्हा गणिताच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी आहे. समजा, मी तुम्हाला 7 आणि 4 हे दोन आकडे दोन चिठ्ठ्यांवर लिहून दिले आणि तिसऱ्या चिठ्ठीवर त्यांची बेरीज 11 लिहिली. आता कोणतीही एक चिठ्ठी हरवू द्या, उरलेल्या दोहोंवरून ती पुन्हा लिहिता येते. संगणक बेरजेऐवजी सम-विषम पाहतो. एका डिस्कवर 1011 आहे, दुसरीवर 0110. प्रत्येक स्थानी दोन अंक सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1 लिहा. तिसरीवर 1101 येईल. दुसरी डिस्क मेली असे समजून 1011 आणि 1101 ह्यांवर हीच क्रिया करा. 0110 परत हाती येते की नाही पाहा! कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहावे, वाचून तितकीशी मजा येत नाही. ही तिसरी, पडताळ्याची माहिती एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर आळीपाळीने पसरली की तिला रेड 5 म्हणतात. तीन डिस्कमध्ये दोनीची जागा, चारांत तिनाची. रेड 6 मध्ये दोन डिस्क एकाच वेळी मेल्या तरी चालते.

आणि एक रेड 0 आहे. त्यात मजकुराचे तुकडे करून ते दोन डिस्कवर वाटतात. वेग दुप्पट, जादा माहिती शून्य. एका डिस्कची वर्षभरात मरण्याची शक्यता शेकडा 5 धरली तर अशा जोडीतली एक तरी मरण्याची शक्यता शेकडा 9.75 होते, आणि एक गेली की दोहोंवरचे सगळे जाते. उलट आरशाच्या जोडीत दोन्हीही मरण्याची शक्यता शेकडा 0.25. मात्र हे गणित दोन डिस्कचे मरण परस्परस्वतंत्र आहे असे मानून केलेले आहे, आणि संभाव्यता शिकविताना ज्या गृहीताकडे आम्ही सर्रास काणाडोळा करतो ते हेच! दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच उष्णतेत, एकाच वीजपुरवठ्यावर आणि पुष्कळदा एकाच कारखान्याच्या एकाच घाण्यातल्या असतात. तिथे 'स्वतंत्र' कसले?

म्हणून खरेदीच्या वेळी मी हट्ट धरला. जून महिन्यात मामा आणि मी मेट्रोने निघालो, महात्मा गांधी बसस्थानकाशी गाडी बदलून सिकंदराबादला उतरलो, आणि संगणकाच्या सामानासाठी साऱ्या शहराला ठाऊक असलेल्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये शिरलो. "एकीच कंपनी का लेव साब, जोडी अच्छी दिखती," असे दुकानदार म्हणाला. मी एक डिस्क त्याच्याकडे घेतली, दुसरी निराळ्या कंपनीची दोन दुकाने टाकून पुढे. दोन्ही चार टेराबाइटच्या. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात, आणि नवी डिस्क भरून काढण्याच्या कामात अशी डिस्क फार रखडते. काही उत्पादक हे न सांगताच त्या विकीत होते, हे 2020 साली उघडकीला आले.

घरी आल्यावर पहिले काम केले ते कागदाचे. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून ती समोरच्या बाजूस चिकटविली. पुढे एक डिस्क बिघडली आणि घाईत चांगलीच बाहेर ओढली, असे होऊ नये म्हणून.

जोडी जुळविण्याचे मार्ग तीन. महागडे स्वतंत्र कार्ड घ्यावे. मदरबोर्डच्या बायोसमधली सोय वापरावी. किंवा हे काम कार्यप्रणालीवर सोपवावे. पहिला मार्ग घरासाठी नको. दुसरा मला पटत नाही, कारण मदरबोर्ड जळाला तर त्याच जातीचा शोधत फिरावे लागण्याचा संभव असतो. आम्ही लिनक्स घातली. तिच्यात एमडीएडीएम नावाचे साधन असते, आणि त्याने जुळविलेली जोडी कोणत्याही लिनक्सच्या संगणकाला ओळखता येते. विंडोज वापरणाऱ्यांना 2012 च्या विंडोज 8 पासून स्टोरेज स्पेसेस ही सोय आहे.

दोन्ही डिस्कवर एकेक विभाग पाडला, शेवटी शंभर मेगाबाइट जागा मुद्दाम मोकळी सोडून; उद्या बदली आणलेली डिस्क नावाला चार टेराबाइटची असूनही रतीभर लहान निघाली तर अडू नये. मग स्तर 1, डिस्क दोन, अशी आज्ञा दिली. ह्या क्षणी डिस्कचे नाव चुकले तर भलतीच डिस्क पुसली जाते, म्हणून मी नावे मोठ्याने वाचली आणि मामांनी चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. लगेच संगणक एकीची दुसरीवर नक्कल करू लागला. सेकंदाला 150 मेगाबाइट हा वेग धरला तर चार टेराबाइटना साडेसात तासांच्या आसपास लागतात. ह्या काळात जोडी वापरता येते. एमडीस्टॅट नावाच्या फाइलीत कंसात 'यू यू' अशी दोन अक्षरे दिसली की दोघीही ठीक. एक मेली की एका 'यू'च्या जागी नुसती आडवी रेघ येते. त्यानंतर ईएक्सटी4 ही फाइलरचना घातली, जोडीची नोंद तिच्या संरचनेच्या फाइलीत केली, आणि संगणक सुरू होताच ती आपोआप जोडली जावी अशी व्यवस्था केली.

आता परीक्षा. मामींनाही वर बोलाविले. आजीच्या उरलेल्या दोन कॅसेटींपैकी एक लावली आणि ती चालू असतानाच मी एका डिस्कला 'मेलेली' असे जाहीर करून जोडीतून काढून टाकले. आडवी रेघ आली. आजीचा आवाज तसूभरही अडखळला नाही. "अहो, हीच ती ओवी, मधेच मला हाक मारली ती," असे मामी म्हणाल्या, आणि पुढची हाक आम्ही सर्वांनी ऐकली. मग ती डिस्क परत घेतली. तेवढ्यात काय काय बदलले ह्याची टिपणवही जोडीत ठेवलेली असल्याने भरपाई काही क्षणांत झाली.

आवाज अडखळत नाही, हाच ह्या व्यवस्थेचा धोकाही आहे. एक डिस्क मेल्याचे कळतच नाही! ईमेलने सूचना येईल असे केले नाही तर एकाच डिस्कवर महिनोन्‌महिने संसार चालू राहतो. शिवाय क्वचित वाचल्या जाणाऱ्या कोपऱ्यातले दोष उघडे पडावेत म्हणून सारी जोडी महिन्यातून एकदा वाचून ताडावी. डेबियनमध्ये हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होत आले आहे. रेड 5 वापरणाऱ्याने ह्याबाबत विशेष जागरूक असावे. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात पुष्कळदा 10 च्या 14 व्या घाताइतक्या बिटांमागे फार तर एक न वाचता येणारी चूक, असे छापलेले असते. ते होतात 12.5 टेराबाइट. चार टेराबाइटच्या चार डिस्कपैकी एक मेली तर उरलेल्या तिघींचे 12 टेराबाइट पूर्ण वाचावे लागतात! प्रत्यक्षात डिस्क ह्याहून बऱ्या वागतात, पण मोठ्या डिस्कसाठी मी रेड 5 सुचविणार नाही.

ऑगस्टमध्ये माझ्याच हातून छायाचित्रांची एक घडी पुसली गेली. आरशाने आपले कर्तव्य चोख बजावले: दोन्ही डिस्कवरून ती एकाच क्षणी नाहीशी झाली. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. 2020 च्या ऑक्टोबरात सरूरनगरचा तलाव भरून वाहिला आणि इथून जवळच असलेल्या कोदंडरामनगरात घराघरांत पाणी शिरले, हे आम्ही पाहिलेले आहे. पाण्याला एक डिस्क काय आणि दोन काय? आगीला, चोराला आणि चुकीच्या बोटाला रेड अडवू शकत नाही.

तेव्हा तिसरी डिस्क आणली. ती संगणकात नसते, भालकीला मावशीच्या लोखंडी कपाटात लुगड्यांच्या घडीखाली असते. दिवाळीला आणि उगादीला आम्ही गावी जातो तेव्हा चौथी, ताजी भरलेली डिस्क तिथे ठेवतो आणि जुनी घेऊन येतो. मागच्या खेपेला मावशीने विचारले, ह्यात आईचा आवाज आहे म्हणतोस, मग ऐकू का येत नाही? मी माझा लॅपटॉप काढून डिस्क जोडली. कॅसेट संपली तरी ती बराच वेळ तिथेच बसून होती; मग डिस्क पुसून पुन्हा कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.